शुगर कमी आली

आमच्या घरी रोज सकाळी चहाच्या आधी निकाल लागायचा. सासरे ओसरीवरच्या बाजेवर ताठ बसायचे, बोटाला सुई टोचून घ्यायचे, मशीनवर आकडा उमटला की चष्मा वर सरकवून तो नीट वाचायचे आणि मग चार घरांना ऐकू जाईल असं पुकारायचे, "शहाण्णव!" चेहरा असा फुलायचा, जसं काही नातवाला नोकरी लागली. मग मशीनचा फोटो. तो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचं काम माझं. टाकला की जालन्याहून नणंदेचा फोन आलाच म्हणून समजा. "वा दादा! कमी आली की शुगर! अशीच कमी ठेवा."

कापसाचा भाव कमी आला की आमच्याकडे शिव्या, पाऊस कमी झाला की तोंडं वाकडी. शुगर मात्र कमी आली की आनंदीआनंद. किती कमी म्हणजे पुरे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माझी होती, पण माझं ऐकतो कोण?

सासऱ्यांना मी मामा म्हणते, नणंद दादा. ऐंशी ओलांडलेले. सगळी उमर अंबडच्या मार्केट यार्डात मापाडी म्हणून गेली. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढवायचं, वजन बघायचं, मोठ्यानं पुकारायचं. "माणूस झूठ बोलतो, काटा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साठीच्या अलीकडे त्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पथ्य पाळा. बस! मामांनी पथ्याचं व्रतच घेतलं. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की ताटावर आडवा हात. पोटच्या पोरीच्या लग्नात त्यांनी पेढा जिभेला लावला नाही, तर बाकीच्यांची काय कथा. आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना फायदाही झाला. त्यांच्या बरोबरीच्या कुणाची नजर गेली, कुणाचा अंगठा कापावा लागला. मामा सत्तरीतही सायकलवर अंबडला जाऊन यायचे. गावात शुगर निघालेला माणूस आधी डॉक्टरकडे जायचा आणि मग मामांचा सल्ला घ्यायला आमच्या ओसरीवर यायचा.

पण साठीतलं अंग वेगळं आणि ऐंशीतलं वेगळं. गेल्या दोन-तीन वर्षांत मामा झटकन उतरले. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. दात गेले, भूक गेली. वरणात कुस्करलेली चतकोर भाकरी खाल्ली की हात धुवायचे. खाणं इतकं उतरलं, गोळ्या मात्र जुन्याच, तेवढ्याच, त्याच वेळेला. वेळ चुकवतील तर ते मामा कसले!

माझी घरातच पिठाची गिरणी आहे. ती पुढच्या खोलीत, आणि तिथून ओसरी समोर दिसते. दळण टाकता टाकता माझं लक्ष असायचं. जेवणाच्या आधी तासभर मामा निराळेच माणूस व्हायचे. मला नणंदेच्या नावानं हाक मारायचे. गार वाऱ्यातही कपाळावर घाम. कधी उगाच चिडायचे, दळण न्यायला आलेल्या बाईलाच विचारायचे, "तू कोण? इथं काय करून राह्यली?" आणि जेवले की परत पहिल्यासारखे, बिलकुल शहाणे. मी आमच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "वय झालं आता, चालायचंच." मी म्हटलं, म्हातारपण काय जेवणाआधी येतं आणि जेवलं की जातं? नवरा गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे त्याला पटलं असं समजायचं, ही आमच्या संसाराची रीत.

मग एका दुपारी मामा नळाजवळ पडले. नुसतं खरचटण्यावर निभावलं, पण मी काही कुणाची परवानगी विचारत बसले नाही. गिरणी बंद केली, रिक्षा बोलावली आणि मामांना अंबडला घेऊन गेले. नेहमीचे डॉक्टर म्हातारे होऊन मुलाकडे निघून गेले होते. त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई बसायला लागल्या होत्या. पोरसवदा, पण आवाज ठाम. त्यांनी मामांना खुर्चीतून उठवून चालायला लावलं, हाताची पकड बघितली, काय खाता ते विचारलं. मामांनी ऐटीत त्यांच्यापुढे मशीन धरलं. सगळे आकडे शंभराच्या आत. आता शाबासकी मिळणार म्हणून बसले.

बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमची शुगर फार कमी राहतेय. ती थोडी वाढू द्यायला हवी."

मामांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाढू द्यायची?" मी विचारलं.

"हो. पन्नाशीच्या माणसाला मी म्हणते, कमी ठेवा, कारण त्याला पुढची तीस वर्षं डोळे आणि किडन्या सांभाळायच्या असतात. आजोबांचं खाणं कमी झालंय, वजन उतरलंय, ह्या वयात किडनीही मंद चालते, त्यामुळे गोळीचं औषध अंगात रेंगाळतं. ह्यांची शुगर जेवणाआधी दीडशे-पावणेदोनशे राहिली तर मला काही भीती नाही. पण ती साठावर आली, तर हे पडतील, खुबा मोडेल, झोपेत बेशुद्ध होतील. थोड्या जास्त शुगरनं माणूस आज मरत नाही, ताई. कमी शुगरनं आज मरतो."

एक गोळी त्यांनी पूर्ण बंद केली, दुसरी हलकी दिली. आणि निघताना मला बजावलं, घाम, थरथर, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं आणि गिळता येत असेल तर ताबडतोब साखर-पाणी द्यायचं, मशीन शोधत बसायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ इकडं आणायचं. आणि उपास बंद.

रिक्षात मामा मशीन मुठीत धरून बसले. घर आल्यावर मात्र उसळले. "इतकी सालं मी काटा खाली धरून ठेवला, अन् ही कालची पोरगी म्हणती वर जाऊ द्या! मंग मी काय झक मारली का इतके दिवस?" संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, शुगर वाढू द्या म्हणणारी ही कसली डॉक्टर? डिग्री बघितली का भिंतीवरची? दादांना काही झालं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, "मी जबाबदार. आणि ताई, तुम्हाला जमत असेल तर चार दिवस इथं येऊन जेवणाच्या आधी त्यांच्याजवळ बसा, मग बोला." त्यांनी फोन ठेवला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

मी रोज हलकी गोळी हातावर ठेवायची, मामा रागानं गिळायचे. सकाळचा आकडा वर सरकला. एकशेचाळीस, एकशेसाठ. मामांनी पुकारणं बंद केलं. आकडा बघायचे आणि मशीन बाजेवर पालथं टाकायचे. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही म्हणाले. पण जेवणाआधीचा घाम थांबला, मला माझ्या नावानं हाका यायला लागल्या. मला आणखी काय पाहिजे होतं?

तेवढ्यात नवरात्र आलं. मामा दरवर्षी घटी बसतात, म्हणजे नऊ दिवस उपास. मी भांडले. बाई, काय भांडले! पण म्हाताऱ्या माणसाच्या आणि देवीच्या आड कोण येणार? शेवटी तडजोड झाली: दिवसातून चार वेळा दूध, राजगिऱ्याच्या लाह्या, शिजवलेलं रताळं, आणि गोळी बंद. डॉक्टरीणबाईंनाही फोनवर विचारलं. त्या नाखुशीनं म्हणाल्या, ऐकतच नसतील तर असं करा, पण दर वेळी खायला द्या आणि लक्ष ठेवा. सात दिवस ठीक गेले.

अष्टमीला मामांनी सकाळचं दूध परत पाठवलं. "आज आरती झाल्याबिगर काही न्हाई." म्हटलं, ठीक आहे, पोटात गोळी नाही, आरती बाराला, तेवढं निभेल. मला काय माहीत, ह्या पठ्ठ्यानं बंद केलेल्या गोळ्यांचं जुनं पाकीट उशाखाली दडवून ठेवलं होतं! नवरात्र संपायच्या आत आकडा खाली आणून डॉक्टरणीला दाखवायचा, हा त्यांचा बेत. अष्टमीच्या सकाळी त्यांनी ती जुनी गोळी गपचूप घेतली. नंतर विचारलं तर म्हणाले, "गोळी उपासाला चालते. गोळी काय खाणं हाय का?" आमच्या अख्ख्या तालुक्यात हाच कायदा आहे. साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, गोळी चालते. गोळीला पोटात भाकरी लागते, हे कुठल्याच व्रतात लिहिलेलं नाही.

सोयाबीनची काढणी चालू होती, मालक मळणी यंत्रावर शेतात. मी मामांना हाताला धरून देवळात नेलं आणि पुरुषांच्या बाजूला खांबाला टेकून बसवलं. मी बायकांत. आरती सुरू झाली. झांजा, टाळ्या, धूप, गर्दी. मधेच त्या बाजूला गलका झाला आणि कुणीतरी ओरडलं, "आलं! आलं! अंगात आलं!"

मी मान उंच करून बघितलं, तर मामा. बसल्या जागी घुमत होते. डोळे अर्धे मिटलेले, सगळं अंग थरथरतंय, तोंडावर घाम नुसता निथळतोय. ओठ हलत होते आणि त्यातून एकच आवाज, "भा... भा..."

"भवानी म्हणून राह्यले!" एक म्हातारी किंचाळली, आणि सगळं देऊळ पेटलं. उदो उदो सुरू झाला. कुणी मामांच्या कपाळाला मळवट फासला, कुणी गळ्यात हार घातला. आरतीचं ताट देवीपुढून उचलून मामांपुढे ओवाळायला लागले. बायका माझ्या अंगावरून पलीकडे धावल्या आणि रांगेनं त्यांच्या पायावर डोकं ठेवायला लागल्या. एकीनं पोराच्या लग्नाचं विचारलं, एकीनं बोअरला पाणी लागंल का ते विचारलं. चार पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती. आणि मामा, माझे काडीसारखे झालेले मामा, मधोमध थडथडा उडत होते, "भा... भा..."

आयुष्यभर गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून माझा घसा तयार झालेला आहे. तो त्या दिवशी कामी आला. "सरका! सरका म्हणते ना! अंगात न्हाई आलं, शुगर कमी झाली त्यांची!"

"शुगर कमी झाली तर चांगलं हाय की मंग," एक जण म्हणाला. शप्पथ सांगते, असंच म्हणाला.

मी गर्दीत घुसले. मामांचा हात बर्फासारखा गार. कानाशी ओरडले, "मामा, गिळता येतं का?" तर त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती, पण नजर होती. देवीपुढे नैवेद्याचं ताट मांडलेलं, त्यात साखरेची वाटी. मी हात घातला तर पुजारीण माझं मनगट धरते. "अगं, नैवेद्य दाखवायचाय अजून! उष्टं करती का देवीचं?"

"देवीला मी समजावते, तुम्ही सोडा," म्हटलं आणि वाटीच उचलली. तांब्यातल्या पाण्यात साखर बोटांनी ढवळली आणि तांब्या मामांच्या ओठाला लावला.

"शुगरवाल्याला साखर पाजून राह्यली!" मागून आमच्याच भावकीतला एक जण ओरडला. "अरे धरा तिला, मारून टाकंल म्हाताऱ्याला!" कुणीतरी माझा खांदा ओढला. मी कोपरानं ढोसलं, कुणाला लागलं ते बघितलं नाही. तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? ह्या उदो-उदोत माझ्या मांडीवर मामा गेले असते, तर गावानं देवीनं नेलं म्हणून समाधी बांधली असती आणि मला म्हाताऱ्याला साखर पाजणारी सून म्हणून जन्मभर ओळखलं असतं.

पण मामा प्यायले. घोट घोट करत निम्मा तांब्या प्यायले. झांजा थांबल्या. थरथर हळूहळू उतरली. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, गळ्यातला हार चाचपला आणि मला माझ्या नावानं हाक मारून विचारलं, "मालक कुठं हाय तुझा?" मला रडूच कोसळलं.

मालक गाडी घेऊन आले आणि आम्ही अंबड गाठलं. साखर-पाणी पिऊनसुद्धा दवाखान्यात आकडा बावन्न आला. देवळात किती असेल, देवच जाणे. बाईंनी सलाईनमधून ग्लुकोज दिलं आणि घरी सोडलं नाही. ती गोळी अंगातून लवकर जात नाही, शुगर परत परत उतरते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं.

मला वाटलं, सुटले. कसलं काय! आगीतून फुफाट्यात. आमच्या ओसरीसमोर चपलांचा ढीग. बायका नारळ घेऊन बसलेल्या. जालन्याहून नणंद आलेली, तिनं मोबाइलवर ते शूटिंग बघितलेलं. मामा बाजेवर टेकतात न टेकतात तोच तिनं बापाच्या पायावर डोकं ठेवलं. मी बावन्न आकड्याचा कागद तिच्यापुढे धरला, तर म्हणते, "ते असंल वहिनी, पण इतक्या लोकांत ह्यांनाच का झालं? देवीनं निमित्त केलं असंल."

गावानं तर पुढचंही ठरवून टाकलं होतं. येत्या मंगळवारी मामांनी कडक उपास धरायचा, देवळात बसायचं, आणि लोक आपापली गाऱ्हाणी विचारणार. शेजारच्या गावचे लोकही येणार होते. मामा ऐकत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आकडा पुकारताना जो चेहरा फुलायचा, तो फुललेला नव्हता, पण मामा नाहीही म्हणत नव्हते. इतक्या दिवसांनी माणसं परत त्यांचं ऐकायला ओसरीवर आली होती. म्हाताऱ्या माणसाला ह्यापेक्षा गोड काय असतं? आणि एवढ्या मोठ्या मानाला नाही म्हणायला जीव मोठा लागतो. मंगळवारी हा माणूस उपाशीपोटी बसला, तर लोक त्याच्या पाया पडत राहतील आणि तो त्यांच्यादेखत मरेल, हे मला लख्ख दिसत होतं.

रात्री गर्दी पांगली. सकाळी मी गिरणी चालूच केली नाही. मामांसमोर जाऊन उभी राहिले. नणंद शेजारी बसलेली.

"मामा, मी आडपडदा ठेवत न्हाई. देवी आल्ती का, ते तुम्ही सांगा. तुमच्या अंगात आल्ती, माझ्या न्हाई. तुम्ही हो म्हणा, मी मंगळवारी स्वतः तुम्हाला हाताला धरून नेते."

"वहिनी!" नणंद म्हणाली.

"तुम्ही थांबा ताई. त्यांना बोलू द्या."

मामांनी तोंड अंगणाकडे वळवलं. मग नणंदेकडे न बघता बोलले.

"मला सगळं ऐकू येत होतं. माणसं दिसत होती. कोण कोण ते उमगत नव्हतं, पण दिसत होती. पोटात अशी आग पडल्ती की काय सांगू. जीभ वळंना. मी म्हणू एक, तोंडातून निघंना." त्यांनी ओठ पुसले. "भवानी कुठली, बाई. भाकर म्हणत होतो मी. भाकर द्या, भाकर द्या म्हणून राह्यलो, अन् जो येतो तो पाया पडतो."

नणंदेनं तोंडाला पदर लावला.

"एकानं तरी तुकडा द्यावा की न्हाई?" मामा म्हणाले. "सारं गाव होतं."

मी आत गेले, परातीत पीठ घेतलं, तवा टाकला. डोळे गळत होते, हात थांबत नव्हते. नणंद मागून आली आणि पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी सरकवला. पहिली भाकरी फुगली तेव्हा बाहेर कुणीतरी आलं होतं, मंगळवारचं विचारायला. मी उठणार, तेवढ्यात ओसरीवरून मामांचा आवाज आला, चार घरांना ऐकू जाईल असा.

"मंगळवारी मला टाइम न्हाई. मी जेवायला बसतो."